पुणें दरबार आणि चौकडीचें कारस्थान



मुळशी तालुक्यांतील कासारसाई हें गांव आज पुणेकरांस माहीत आहे तें तेथील धरणामुळें आणि हिंजवडीच्या शेजारामुळें. सुटीच्या दिवशीं तेथें जाणाऱ्या मंडळींपैकीं फारच थोड्यांच्या मनांत येत असेल कीं, या शिवारापासून उत्तरेस, पवना ओलांडून चार कोसांच्या आंतबाहेर, तळेगांव आणि वडगांव येथें १७७९ च्या जानेवारींत मुंबईकर इंग्रजांच्या फौजेचा पुरता मोड झाला. वारा अनुकूल असेल त्या रात्रीं त्या तोफांचा आवाज कासारसाईच्या वस्तींत ऐकूं गेला असल्यास नवल नाहीं. परंतु आज मला लढाईची हकीगत सांगावयाची नाहीं. ती आपण शाळेंत वाचलेली असते. लढाई जिंकल्यावर पुणें दरबारानें काय केलें, ही गोष्ट मात्र शाळेच्या पुस्तकांत दोन ओळींत आटोपते, आणि माझ्या मतें खरें राजकारण तेथेंच आहे. घरांत दुबळी आणि बाहेरून प्रबळ परकीयांच्या दडपणाखालीं सांपडलेली राजसत्ता आपल्या शेजाऱ्यांशीं कशी वागते, हें पाहावयाचें असेल तर १७७९ ते १७८३ या चार वर्षांइतका चांगला दाखला आपल्या इतिहासांत दुसरा नाहीं.

प्रथम या दरबाराची स्थिति लक्षांत घेतली पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर त्यांच्या पत्नीस मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाच्या नांवें पेशवाईचीं वस्त्रें आणून कारभाऱ्यांनीं राज्य चालविण्यास आरंभ केला. म्हणजे गादीवर तान्हें मूल, कारभार बारभाईंच्या हातीं, आणि गादीवर हक्क सांगणारा प्रौढ पुरुष, रघुनाथराव, शत्रूच्या छावणींत. कारभाऱ्यांतही एकोपा होता असें नाहीं. सखारामबापू बोकिलांचा भरंवसा कोणासच धरवत नव्हता. आणि नानाचा चुलतभाऊ मोरोबा फडणीस यानें १७७८ सालीं रघुनाथरावास परत आणण्याचा उघड खटाटोप केला, त्याबद्दल त्यास कैद करावें लागलें. अशा दरबाराचा वकील परमुलखांत गेला म्हणजे त्याला पहिलें काम हेंच असे कीं, पेशवा म्हणजे कोण, हें यजमानाकडून कबूल करून घेणें. इतर मागण्या नंतर.

बाहेरचें दडपण मुंबईकडून आलें. १७७४ संपतां संपतां इंग्रजांनीं ठाणें घेतलें, आणि मार्च १७७५ मध्यें सुरत येथें रघुनाथरावाशीं तह करून साष्टी व वसई आपल्या पदरांत पाडून घेतलीं. कलकत्तेकरांनीं तो तह अमान्य केला, कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह केला. तथापि मुंबईकरांनीं तो मनापासून पाळला नाहीं; रघुनाथराव त्यांच्याच आश्रयास राहिला. एकाच कंपनीच्या दोन कचेऱ्या दोन भाषा बोलत होत्या, आणि यांपैकीं खरी कोणती हें पुण्यास उमगणें कठीण होतें. नानानें मग दुसरा उपाय योजला. १७७७ सालीं सेंट ल्यूबिन नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवून पुण्यास आला. तो बराचसा तोतया होता आणि नानासारख्या माणसाला तें कळलें नसेल असें मला वाटत नाहीं. परंतु त्याचा सत्कार झाला तो इतक्या थाटानें कीं, पुण्यांतील इंग्रज वकील मॉस्टिन अस्वस्थ झाला आणि त्याचीं पत्रें मुंबईस व तेथून कलकत्त्यास धांवूं लागलीं. अमेरिकेंत इंग्रजांचें युद्ध चालू होतें. १७७८ त फ्रान्स त्यांत उतरला. अशा वेळीं एका रिकाम्या हाताच्या फ्रेंच माणसाचीही भीति वाटते, हें नानानें ओळखलें होतें. मात्र या युक्तीला दुसरी बाजू होती. फ्रेंचांचें बुजगावणें पाहून इंग्रज मागें हटले नाहींत. उलट, आतां विलंब नको असें म्हणून ते पुढें सरसावले. बुजगावण्यानें पाखरें उडतात, रानडुकरें उडतीलच असें नाहीं.

१७७८ च्या नोव्हेंबरांत रघुनाथरावास बरोबर घेऊन सुमारें ३,९०० लोक व १९,००० बैल असा लवाजमा मुंबईहून निघाला. घाट चढून फौज मावळांत आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा इष्टुर फाकडा, ४ जानेवारी रोजीं गोळा लागून पडला. ९ जानेवारीस इंग्रज तळेगांवास पोंचले, तों गांव जळून खाक झालेलें. आणि ही आग मराठ्यांनींच लाविलेली होती. चिंचवड व पुणेंही अशींच जाळण्याची सिद्धता असल्याची बातमी इंग्रजांच्या छावणींत पसरली होती. विजयाच्या वर्णनांत हा मजकूर आपण भरकन वाचून पुढें जातों. जळालें तें मावळच्या कुणब्याचें घर आणि त्याची वर्षाची वैरण. ११ तारखेच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत टाकून इंग्रज माघारें वळले, वडगांवास कोंडले गेले, आणि चार-पांच दिवसांत त्यांस तह करावा लागला: १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख परत, रघुनाथराव स्वाधीन, बंगालहून येणारी फौज माघारीं, आणि जामीन म्हणून दोन इंग्रज ओलीस. महादजी शिंद्यानें भडोचच्या वसुलाची गोष्ट त्यांतच आपल्यासाठीं वेगळी लिहून घेतली. ही लहानशी नोंद ध्यानांत ठेवावी. पुढें ती उपयोगी पडणार आहे.

वडगांवचा तह मुंबईनें मानला नाहीं व कलकत्त्यानेंही मानला नाहीं. बंगालची फौज माघारीं फिरण्याऐवजीं कर्नल गॉडर्ड याच्या हुकमतींत फेब्रुवारीअखेर सुरतेस येऊन दाखल झाली. रघुनाथराव महादजीच्या पहाऱ्यांतून निसटून त्याच वर्षीं गॉडर्डकडे गेला. म्हणजे रणांगणावर जिंकलेलें सारें सहा महिन्यांच्या आंत कागदावरून पुसलें गेलें. नानास जो धडा मिळाला तो असा: इंग्रजांची एक फौज बुडविली तर दुसऱ्या इलाख्यांतून दुसरी येते, कारण त्यांच्या सत्तेला तीन तोंडें आहेत, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता. तेव्हां तिन्ही तोंडें एकदम गुंतविलीं पाहिजेत. आणि मद्रास व कलकत्त्यापर्यंत पुण्याचा हात पोंचत नव्हता. तो शेजाऱ्यांचाच पोंचत होता.

यांतून जें निर्माण झालें त्याला तत्कालीन पत्रांतून कारस्थान हा शब्द आढळतो. आज आपण हा शब्द कपटाच्या अर्थीं वापरतों. त्या काळीं मसलत, राजकारणाची आंखणी, असाही त्याचा सरळ अर्थ असे. पुणें, हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि नागपूर असे चार भिडू. हैदर अल्लीनें कर्नाटकांत मद्रासकरांवर जावें, निजाम अल्लीनें उत्तर सरकारांवर उतरावें, मुधोजी भोसल्यानें कटकच्या मार्गानें बंगाल्यांत शिरावें, आणि पुण्यानें गुजराथ-कोंकणांत गॉडर्डला तोंड द्यावें, अशी वांटणी ठरली.

हे चौघे एकमेकांचे मित्र होते काय? मुळींच नव्हते. निजामाचें आणि पुण्याचें वैर दोन पिढ्यांचें. हैदरानें तर पुण्यांतील घरभेदाचा फायदा घेऊन, रघुनाथरावाच्या देणग्यांचे कागद पुढें करून, कृष्णेपर्यंतचा मराठी मुलूख नुकताच गिळला होता. भोसल्यांना पेशव्यांचें वर्चस्व कधींच रुचलें नव्हतें. मग ते जवळ आले कसे? नानाचें खरें कसब येथें दिसतें. त्यानें कोणास स्वधर्माचा किंवा हिंदुस्थानच्या कल्याणाचा नुसता उपदेश केला नाहीं. ज्याचें इंग्रजांशीं जें दुखणें होतें तें पिकेपर्यंत वाट पाहिली आणि पिकल्यावर वकील पाठविला. निजामाचें दुखणें गुंतूरचें होतें. मद्रासकरांनीं त्याचा भाऊ बसालतजंग याच्याशीं परभारें बोलणें करून तो प्रांत घेतला होता आणि उत्तर सरकारांबद्दलची खंडणीही थकविली होती. तो इतका चिडला होता कीं, या चौकडीची कल्पना मूळ त्याचीच असें मानतात. हैदराचें दुखणें माहीचें होतें. त्या फ्रेंच बंदरांतून त्याची युद्धसामग्री येई, तें इंग्रजांनीं १७७९ च्या मार्चांत घेतलें. आणि भोसल्यांचें? त्यांचें दुखणें बंगालच्या चौथाईचें. अलीवर्दीखानानें कबूल केलेले सालिना बारा लाख रुपये इंग्रजांनीं बंगालची दिवाणी घेतल्यावर देण्याचें नाकारलें होतें. म्हणजे एकाचा प्रांत, दुसऱ्याचें बंदर आणि तिसऱ्याची नुसती रक्कम. या तीन दुखण्यांची जात निराळी आहे, आणि कोणता दोस्त किती दिवस टिकेल हें त्यावरूनच ठरलें.

दुसऱ्याच्या रागावर फुकट स्वार होतां येत नाहीं; त्याचें भाडें द्यावें लागतें. हैदराला पुण्यानें दिलेली किंमत जबर होती. १७८० च्या आरंभीं जो करार पुरा झाला त्याअन्वयें, तुंगभद्रा ओलांडून कृष्णेपर्यंत त्यानें घेतलेला मुलूख त्याचा म्हणून मान्य करण्यांत आला. थोरल्या माधवरावांनीं चार स्वाऱ्या करून ज्या हैदराला नमविलें, त्यालाच माधवरावांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांच्या आंत धारवाडापर्यंतचा प्रदेश लेखी तोडून द्यावा, याचें दुःख पटवर्धनांसारख्या कृष्णाकांठच्या सरदारांस किती झालें असेल याची कल्पना करावी. मोबदला काय मिळाला? हैदरानें रघुनाथरावाचा पक्ष सोडला, बालपेशव्यास मान्यता दिली आणि जुलै १७८० मध्यें अफाट फौज घेऊन तो कर्नाटकांत उतरला. १० सप्टेंबर रोजीं पोलिलूर येथें कर्नल बेली याची फौज त्यानें बुडविली. मद्रासच्या वेशीपर्यंत त्याचे स्वार गेले. पुण्यावरचें दडपण त्या दिवशीं खऱ्या अर्थानें हललें.

याच सुमारास झालेला एक लहान सौदा येथें सांगण्यासारखा आहे. कोंकणांतील युद्धांत गोंवेकर फिरंगी इंग्रजांस मिळाले असते तर वसई वांचविणें आणखी अवघड झालें असतें. १७ डिसेंबर १७७९ रोजीं पुणें दरबारानें पोर्तुगिजांशीं तह करून दमणजवळच्या गांवांतून सालिना १२,००० रुपये वसूल त्यांस लावून दिला. गांवें प्रत्यक्ष हवालीं झालीं तीं १७८३ नंतर. दादरा आणि नगरहवेली तीं हींच. पुढें पावणेदोनशें वर्षांनीं, १९५४ त, स्वयंसेवकांनीं तीं मुक्त केलीं, त्यांत आपले गायक सुधीर फडके हेही होते, आणि पोर्तुगालनें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत हिंदुस्थानवर फिर्याद केली. तेथें नानाच्या दप्तरांतील कलम पुन्हां उलगडलें गेलें: मराठ्यांनीं दिलें तें स्वामित्व कीं नुसता वसूल? १२ एप्रिल १९६० च्या निकालांत न्यायालयानें म्हटलें कीं, मराठ्यांनीं दिला तो सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क. भूमीवरचें स्वामित्व नव्हे. पोर्तुगिजांचें स्वामित्व पुढें इंग्रजांनीं न बोलतां मान्य केलें, ही गोष्ट निराळी. अडचणींत असतांनाही पुण्याच्या कारकुनानें 'वसूल' आणि 'मुलूख' यांतला भेद सोडला नव्हता, एवढें त्यावरून दिसतें. हैदराच्या बाबतींत तो भेद ठेवण्याची ऐपत नव्हती.

हीं सारीं सूत्रें चालविणारी यंत्रणा म्हणजे वकील. हैदराकडे कृष्णराव नारायण जोशी, निजामाकडे काळे घराणें, आणि नागपूरची बाजू सांभाळणारे देवाजीपंत चोरघडे, साडेतीन शहाण्यांपैकीं एक. या मंडळींचीं पत्रें वासुदेवशास्त्री खरे यांच्यासारख्यांनीं अपार कष्टानें छापलीं. आणि रियासतकार सरदेसायांनीं त्या इतिहासाचें लेखन करीत आयुष्याचा उत्तरार्ध वडगांवच्या वरच्या अंगास कामशेत येथेंच घालविला. तीं पत्रें वाचतांना जाणवतें कीं, स्वतंत्रपणें वकील ठेवणें हीच राज्याच्या स्वातंत्र्याची नाडी होती. पुढें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईस जो तह केला त्यानें इतर दरबारांशीं इंग्रजांच्या सल्ल्यावांचून व्यवहार करण्याचा हक्क गेला, आणि जून १८१७ च्या तहानें परदरबारचे वकीलही दूर करावे लागले. त्यानंतर बाजीरावानें शेजाऱ्यांकडे माणसें पाठविलीं तीं चोरून, आणि चोरून झालेल्या निरोपावर कोणीही घोडा टाकीत नाहीं.

आतां चौकडी मोडली कशी तें पाहूं. वॉरन हेस्टिंग्सनें तीं तिन्ही दुखणीं ओळखलीं आणि एकेकाला निराळें औषध पाठविलें. निजामाला गुंतूर परत देण्याचा हुकूम त्यानें मद्रासकरांचा विरोध मोडून काढून केला. निजाम थंडावला तो कायमचा. मुधोजीचा मुलगा चिमणाजी मोठी फौज घेऊन कटकास जाऊन बसला खरा, पण बंगाल्यांत शिरला नाहीं. हेस्टिंग्सनें भोसल्यांच्या हातावर लक्षावधि रुपये ठेविले, आणि १७८१ त कर्नल पियर्सची फौज ओरिसाच्या किनाऱ्यानें, भोसल्यांच्या मुलखांतून, हैदराशीं लढण्यास बिनबोभाट मद्रासकडे गेली. ज्याचें दुखणें रकमेचें त्याचें समाधान रकमेनें झालें. नागपूरकरांस आपण दोष देतों. परंतु चिमणाजीच्या फौजेचा पगार पुण्याहून येत नव्हता, हेंही ध्यानांत घ्यावें. शेजाऱ्याला रणांत उभें करावयाचें आणि त्याच्या शिबंदीची चिंता मात्र त्यालाच करावयास लावावयाची, हा आपल्या मसलतींचा जुना दोष आहे.

राहतां राहिला हैदर. १७८० च्या डिसेंबरांत वसई पडली. वज्रेश्वरीजवळ रामचंद्र गणेश कानडे कामास आले. १७८१ च्या फेब्रुवारींत गॉडर्ड बोरघाटावर येऊन बसला आणि मावळास पुन्हां दोन वर्षांपूर्वीचें दुःस्वप्न दिसूं लागलें. गॉडर्डचा समज असा कीं, इतकें झाल्यावर पुणें तहास उतावीळ असेल. नानानें उत्तर दिलें कीं, हैदरास वगळून तह होणार नाहीं. बोलणीं लांबत गेलीं, तेवढ्यांत परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके व तुकोजी होळकर यांनीं गॉडर्डची रसद तोडली, आणि एप्रिलमध्यें चारशेंहून अधिक माणसें जायबंदी व ठार होऊन तो पनवेलीकडे परतला. या एका उत्तरासाठीं नानाबद्दल मला आदर वाटतो. घाटमाथ्यावर शत्रू बसला असतां दोस्ताचें नांव न सोडणें सोपें नव्हे.

परंतु तें उत्तर शेवटपर्यंत टिकलें नाहीं. उत्तरेंत ग्वाल्हेरचा किल्ला गेला होता, सिप्रीकडे महादजीचा पराभव झाला, आणि ऑक्टोबर १७८१ मध्यें त्यानें इंग्रजांशीं स्वतःपुरता तह केला. वडगांवच्या तहांत भडोचची वेगळी नोंद करून घेणारा हाच पुरुष. आतां तोच मध्यस्थ झाला. १७ मे १७८२ रोजीं सालबाई येथें तह ठरला: साष्टी इंग्रजांकडे, वसई परत, रघुनाथरावास दरमहा २५,००० रुपये देऊन इंग्रजांनीं त्याचा पक्ष सोडावा, फिरंग्यांखेरीज इतर टोपीकरांस मराठी राज्यांत थारा नसावा. आणि हैदर? त्यानें जिंकलेला कर्नाटक सहा महिन्यांत सोडावा, याची हमी पेशव्यांनीं घ्यावी! ज्याला लढण्यास बोलाविलें, त्यालाच जिंकलेलें परत देण्यास भाग पाडण्याचें कलम पुण्याच्या नांवें लिहिलें गेलें.

नानानें या तहावर शिक्का करण्यास महिनोगणती विलंब लाविला. यास कोणी निष्ठा म्हणतात, कोणी लबाडी. मला त्यांत दोन्ही दिसतात. त्यानें हैदराला सुचविलें कीं, कृष्णा-तुंगभद्रेमधील मुलूख परत दे, म्हणजे आम्ही सालबाई मानीत नाहीं. दोस्तीसाठीं दिलेली किंमत त्याच दोस्तीच्या जोरावर परत मागण्याचा हा प्रयत्न होता. हैदर कर्करोगानें खंगला होता. ७ डिसेंबर १७८२ रोजीं तो छावणींतच वारला. यानंतर नानानें मान्यता दिली, आणि फेब्रुवारी १७८३ मध्यें शिक्क्याचे कागद एकमेकांस पोंचले. रघुनाथराव कोपरगांवीं जाऊन राहिला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मरण पावला. ज्या कारणासाठीं परकीय घरांत शिरला तें कारणच नाहींसें झालें, आणि पुढील वीस वर्षें इंग्रजांनीं पुण्याच्या गादीस हात लाविला नाहीं.

कृष्णेपलीकडचा मुलूख मात्र टिपूच्या हातांत राहिला होता. १७८४ त नानानें यादगीर येथें निजामाची गांठ घेतली. चौकडींतला एक जुना भिडू घेऊन दुसऱ्याच्या मुलाविरुद्ध नवी मसलत उभी राहिली. नरगुंदकर भाव्यांवर टिपूचा घाला पडला होता, तें निमित्त झालें. १७८६ त मराठ्यांनीं बदामी घेतली, आणि १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहांत टिपूनें ४८ लाख रुपये कबूल करून बदामी, कित्तूर व नरगुंद परत दिलीं. धारवाड मात्र त्या तहानेंही आलें नाहीं. तें घेण्यास परशुरामभाऊंना १७९० त वेढा घालावा लागला, आणि त्या वेढ्यांत त्यांच्या बाजूस इंग्रजांची पलटण होती.